खाली चालव

बुऱ्हाणपूर, ८ सप्टेंबर २०२४

ती. सदाशिवदादास कौशल्येचा शि. सा. न.

दादा, तुझ्यामाझ्यासारख्या निवृत्त माणसांविरुद्ध जगानं एकमतानं ठराव केलाय, की आता राहू द्या. मी चौतीस वर्षं मराठी शिकवली, पण कॉलनीच्या मंडळात मला फक्त आभार मानायला उभं करतात. तुला फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून हा राग कागदावर काढते आहे.

आमच्या मैदानात गवत कमरेएवढं झालंय. मंडळाचं गवत कापायचं मशीन दोन वर्षं बंद आहे. अध्यक्ष प्रकाशभाऊंनी सुचवलं की मशीन भंगारात द्यावं आणि मैदानात गाड्या उभ्या कराव्यात. शेजारची जयश्री तिथं सोळा पोरींना खो-खो शिकवते. त्यांना दुसरी जागा नाही. मी उठले आणि जाहीर केलं की मशीन मी घरी दुरुस्त करीन आणि वीस ऑक्टोबरच्या सभेआधी मैदान साफ करून दाखवीन. सगळे हसले. प्रकाशभाऊंनी तर ते मुद्दाम इतिवृत्तात लिहून घेतलं.

बुधवाऱ्यातला कडू मिस्त्री येऊन गेला. कबाड आहे म्हणाला आणि चहाही न घेता निघाला. मशीन आता माझ्या गच्चीवर आहे. तू तीस वर्षं कारखान्यात फिटर होतास. कुठून खोलू, ते सांग.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लिहायचं थांबू नकोस.

तुझी,
कौशल्या

जळगाव, १४ सप्टेंबर

चि. कौशल्येस अनेक आशीर्वाद.

चार माणसं समोर बसली की तू काय कबूल करशील याचा नेम नाही. कार्बोरेटर कशाला म्हणतात हे तरी बोलण्याआधी विचारायचं होतंस! असो. जीभ तुझी आणि हात माझे, असं समज.

खोलशील तसे नटबोल्ट थाळीत क्रमानं मांड आणि प्रत्येकाजवळ चिठ्ठी ठेव. कार्बोरेटर घासलेटमध्ये धू. सिलिंडरच्या झाकणाचा, म्हणजे हेडचा, काळा थर लाकडी पट्टीनं खरवड, लोखंड लावू नकोस. पिस्टनच्या रिंगा नव्या घाल. त्यांच्या फटी एका रेषेत आल्या तर इंजिनाचा सगळा दम तिथून निघून जाईल, म्हणून त्या वेगवेगळ्या दिशांना ठेव. तेल खुणेपर्यंत भर. सगळं बसलं की पहिला अर्धा तास खाली चालव. घाई करू नकोस.

भूषण म्हणतो की आत्याला एक नवं मशीन पाठवून देऊ. मी त्याला गप्प केलं. गुडघा सांभाळ, आणि या म्हाताऱ्यावर लोभ असू दे.

सदाशिव

बुऱ्हाणपूर, २८ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न.

दहा दिवस माझ्या नखांत ग्रीस आहे. पोळ्यांना वास येतो असं जयश्री म्हणते, आणि तरी खाते. दोरी सातव्यांदा ओढली आणि इंजिन धडधडलं. दादा, मी गच्चीवर एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग तुझ्या हुकमाप्रमाणे ते खाली चालवायचं होतं. मी आणि जयश्रीनं ते धूड बावीस पायऱ्या उतरवलं. माझ्या गुडघ्यानं प्रत्येक पायरी मोजली. खाली मैदानात नेलं आणि बरोबर अर्धा तास चालवायचं म्हणून त्या कमरेएवढ्या गवतात घातलं. वीस मिनिटांत निळा धूर निघाला, एक कर्कश आवाज झाला आणि सगळं जाम. प्रकाशभाऊंनी गॅलरीतून विचारलं, भंगारवाल्याचा नंबर पाठवू का.

मी अक्षर न् अक्षर पाळलं होतं. मग चुकलं कोण?

मी हरलेले नाही. फक्त लवकर उत्तर दे, आणि तुझी माया आटू देऊ नकोस.

कौशल्या

जळगाव, ३ ऑक्टोबर

चि. कौशल्येस आशीर्वाद.

अगं बाई, खाली म्हणजे रिकामं! बोजा न देता. पातं सोडवून ठेवायचं आणि इंजिन नुसतं फिरू द्यायचं, म्हणजे नव्या रिंगा सिलिंडरशी जुळतात. साऱ्या कारखान्यात हा शब्द असाच चालायचा. तुझ्या गल्लीतला दूधवाला रोज कॅन खाली झाला म्हणतो, तेव्हा तू कॅन शोधायला जमिनीकडे बघतेस का? तुझ्या शुद्ध मराठीनं एक इंजिन खाल्लं, कौशे.

आता ऐक. थंड झालं की पिस्टन बाहेर काढ. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे असतील, त्यांवरून नख फिरव. नख अडकलं तर माझा इलाज संपला. नाही अडकलं, तर बारीक एमरी पेपरनं तिरपं घास, स्वच्छ धू आणि रिंगांचा दुसरा संच घाल. आणि असलं गवत आधी विळ्यानं कापतात, मशीन नंतर.

बोललो त्याचा राग धरू नकोस.

सदाशिव

बुऱ्हाणपूर, १३ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न.

नख अडकलं नाही!

आणि चूक माझीच. वर्गात सुमन नावाच्या मुलीनं डबा खाली आहे असं लिहिलं होतं, तेव्हा मी तिचे दोन गुण कापले होते आणि शिवाय ‘हिंदीची घुसखोरी’ या विषयावर भाषण दिलं होतं. ती आता सरदार चौकात राहते. काल तिच्या घरी गेले आणि सांगितलं की तुझं बरोबर होतं. ती आधी घाबरली, मग पोट धरून हसली.

पातं सोडवून ओट्यावर अर्धा तास चालवलं. धूर नाही. आम्ही नऊ बायकांनी विळ्यांनी रान कापलं आणि मागून मी मशीन फिरवलं. आज पोरींनी खुंट रोवले.

पण प्रकाशभाऊ आता म्हणतात, मैदान साफ झालं हे उत्तमच, गाड्या छान मावतील. रविवारी मतदान घेणार आहेत. मी घरोघर फिरले. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा मतं आहेत, आणि समान झाली की अध्यक्षांचं जादा मत. दादा, आमच्या कॉलनीतला तुझा प्लॉट अजून तुझ्या नावावर आहे. म्हणजे तू सभासद आहेस.

मला माहीत आहे तू सभा का टाळतोस. ऐकू येत नाही, लोक ओरडून बोलतात, मग एकमेकांकडे बघतात. बघू देत! त्यांना ऐकू येतं म्हणून त्यांनी आजवर काय मोठं ऐकलंय? सोळा पोरींचं मैदान तुझ्या कानांवर अडलेलं नाही. बोलायचं काम माझं.

तुझ्या रागालोभावर माझा हक्क लहानपणापासूनचा आहे, तो आज वापरते. शनिवारी ये. रविवारी दहा वाजता माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस. मतदान पुकारलं की मी तुझ्या खांद्यावर हात ठेवीन. तेव्हा हात वर कर.

तुझी,
कौशल्या