कपाटातल्या एकतीस टेपांची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घर सांभाळणे, असे लिहून ठेवते की माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, चष्मा लावून मी अजून सुईत दोरा ओवते, आणि हा कागद लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. देवाचे नाव घेऊन सकाळी लिहायला बसले. माझ्या माघारी माझ्या वस्तूंवरून कोणी भांडू नये, आणि भांडायचेच असेल तर खरे काय ते वाचून भांडावे, म्हणून हे मृत्युपत्र. याआधी मी एकही केलेले नाही.

पहिली चार कलमे वकीलबाईंनी वाचली. मधले मधले कायद्यात बसत नाही, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, बसत नसेल तर उभे राहू दे. पाचव्या कलमापासून पुढे त्यांनाही दाखवलेले नाही. कारण तिथे कळेल.

कलम १. राहते घर, वरचा मजला आणि तळमजला, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला. आम्हाला मूल नाही आणि म्हाताऱ्या मावशीला न कंटाळता फोन करणारी ती एकटीच आहे. अट एकच. तळमजल्याची खोली कुठल्याही वाजवणाऱ्याला भाड्याने देऊ नये. त्या खोलीच्या भिंतींना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले आहेत. या घरात अंडे कधी शिजले नाही, पण भिंतीवर शेकड्यांनी लागले. ते काढून रद्दीत द्यावेत. खाली गिलावा चांगला आहे, मी स्वतः उभी राहून करून घेतला होता.

कलम २. बँकेतली ठेव कानाच्या दवाखान्याला, ज्यांना ऐकण्याचे यंत्र परवडत नाही त्यांच्यासाठी. पावती घ्यावी.

कलम ३. यांची हत्यारे, म्हणजे सोल्डरची इस्त्री, मीटर, पक्कडी, वायरींचे अकरा डबे आणि आवाज घुमवायची दोन एको मशीन, कोपऱ्यावरच्या अँप्लिफायर दुरुस्तीवाल्याला. हे आधी त्याच्याच बापाच्या दुकानात दुरुस्तीला बसायचे. भावजी तेव्हा टेलिफोन खात्यात होते आणि बिघडलेला स्पीकर घेऊन दुकानात आले, तो दिवस माझ्या संसाराला मुळीच चांगला नव्हता. भावजी म्हणजे माझे दीर नव्हेत. यांचे मित्र आणि जोडीदार. पुढे या कागदात भावजी म्हटले की तेच समजावे.

दोघांचा धंदा काय, हे मला तीस वर्षे शेजारणींना सांगता आले नाही. कोणीतरी पुरे गाणे करून पाठवते. हे दोघे त्यातून गाणाऱ्याला काढतात, वाजवणाऱ्यांना काढतात, ढोल आणि पोटात जाणवणारा खालचा जाड आवाज तेवढा ठेवतात, आणि गाणाऱ्याचा एखादाच शब्द विहिरीत ओरडल्यासारखा घुमवून सोडून देतात. याला डब म्हणतात. तेच दुसऱ्याच्या गाण्याला नवे कपडे घालून परत दिले की रिमिक्स. चांगली साडी फाडून पायपुसणे करायचे आणि ते साडीच्या भावाने विकायचे, असे माझे मत होते व आहे.

जोडीचे नाव होते तळमजला. कुठल्या कंपनीकडे गेले नाहीत, दोन वेळा बोलावणे आले तरी. पहिली तबकडी तीनशे नगांची. तिची पाकिटे मी खळ शिजवून जेवणाच्या टेबलावर चिकटवली, आणि पाऊणशे पाकिटांना मुंग्या लागल्या. भावजी म्हणाले, वहिनींनी खळीत साखर घातली. मी साखर घातली नव्हती. हे लिहून ठेवणे जरूर आहे.

कलम ४. बैठकीतला लाकडी झोपाळा त्या गायिकेला, जिच्या गाण्याचे यांनी रिमिक्स केले आणि त्यात तिला ठेवलेच नाही. ती तरातरा जिना चढून आली आणि माझा आवाज कुठे आहे म्हणून विचारू लागली. हे म्हणाले, आहे की, तिसऱ्या मिनिटाला. ती त्या झोपाळ्यावर बसून तासभर रडली आणि मी तिला पाणी दिले. तेच गाणे पुढे परदेशात चालले आणि तिचे नाव झाले, पण तिने परत पाऊल टाकले नाही. झोपाळा तिचाच आहे. न्यायला मात्र तिने स्वतः यावे.

कलम ५. हे कलम मी हयात असताना कोणी वाचू नये. देवापुढे हात ठेवून यांना शब्द दिला होता की मी आहे तोवर कोणाला सांगणार नाही. मी नसेन तेव्हा तो शब्द सुटला.

भावजी बदली होऊन दुसऱ्या गावी गेले. तेव्हापासून ते तिकडे वाजवून टेप भरायचे आणि पार्सलने पाठवायचे. एकेका टेपवर आठ वेगळे आवाज, वेगवेगळ्या पट्ट्यांवर. हे इथे बसून त्यातले काय ठेवायचे, काय काढायचे ते ठरवत आणि तबकडीचे शेवटचे रूप बांधत. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी मी चहा घेऊन खाली गेले, तर स्पीकरमधून अशी शिट्टी येत होती की ट्रे माझ्या हातून पडला. हे शांत बसलेले, डावा तळवा स्पीकरवर. मी धावत जाऊन यंत्रावरची आवाज कमीजास्त करायची हाताला लागेल ती पट्टी खाली ओढली. यांनी पट्टीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि विचारले, "किती वेळ चालू होतं?"

कानाच्या डॉक्टरांचा कागद या मृत्युपत्राला टाचला आहे. त्यावरची रेघ जिन्यासारखी खाली उतरते. खालचा जाड आवाज यांना तळव्याने कळायचा. त्याच्या वरचे, म्हणजे गाणे, घंटा, कुकरची शिट्टी, माझी हाक, सगळे गेलेले. मी म्हटले, आता पुरे करा, भावजींना सांगू. हे म्हणाले, बहिऱ्याकडे कोण टेप पाठवेल, आणि मग मी दिवसभर करू काय. मला शपथ घातली. भावजींना तर मुळीच नाही, असे दोनदा म्हणाले.

तेव्हापासून सात वर्षे, पोथी झाली की तीन ते पाच मी त्या खोलीत त्यांच्या शेजारी बसले. एक बोट म्हणजे गाणारा आला, दोन बोटे म्हणजे वरचे किणकिण, मूठ म्हणजे बंद करा. मी मूठ जास्त दाखवली, हे मान्य. लागेल तेवढेच ठेवायचे, एवढेच मला संसारात कळले आणि तेच मी तिथे केले. विशेषतः भावजी ती तोंडाने फुंकायची पिपाणी वाजवायचे, तिला मी एकाही ठिकाणी राहू दिले नाही. कुठली टेप, कुठे मूठ, ते घरखर्चाच्या वह्यांच्या मागच्या बाजूला तारखेनिशी लिहिले आहे. अशा सहा तबकड्या निघाल्या. मासिकांनी लिहिले की तळमजल्याला आता संयम आला. संयम वगैरे काही नाही. ते माझे कान होते आणि मला ते संगीत सहन होत नव्हते.

पण यांनी त्या सात वर्षांत एक दिवस सुटी घेतली नाही. तापात बसले, हात थरथरू लागला तेव्हाही बसले. हे सत्य आहे.

कलम ६. हे जाऊन महिना झाला नव्हता तेव्हा भावजींनी मासिकाला मुलाखत दिली. शेवटची सात वर्षे तो आळशी झाला होता, मी भरून पाठवायचो आणि तो अर्धे गाळून परत करायचा, असे म्हणाले. फोटोत हसत होते. पुढच्या वर्षी मंचावर तेच. लोक तेच धरून बसले. ज्या माणसाने खुर्चीला पाठ टेकली नाही, त्याला ज्याच्या त्याच्या तोंडी आळशी केले, आणि मला शपथेपायी ब्रही काढता आला नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्या फोनला हो किंवा नाही एवढेच उत्तर देते. माझ्या अंत्यविधीला त्यांनी आले तर मागे उभे राहावे व बोलू नये.

कलम ७. लोखंडी कपाटातल्या एकतीस टेपा. या त्याच, ज्यांवर आठही आवाज सुटे आहेत. कोणी कंपनी त्या सहा तबकड्या गाळलेले सगळे परत भरून नव्याने छापायची म्हणते आहे, "पूर्ण" असे नाव देऊन. भावजी दोन वर्षे टेपा मागत आहेत. जे काढले ते यांच्या हाताने काढले आणि जसे आहे तसेच राहील. टेपा दुरुस्ती शिकवणाऱ्या शाळेला द्याव्यात, पुसून. कोरी टेप पुन्हा वापरता येते, फुकट घालवू नये. मी गेल्यापासून आठ दिवसांत पुसणे व्हावे. वकीलबाईंनी समोर उभे राहून करून घ्यावे, या कागदाची अंमलबजावणी त्यांच्याकडेच आहे.

कलम ८. साक्षीदारांबद्दल. वकीलबाई म्हणाल्या, उद्या कोणी म्हणू शकेल की बाईंचे डोके ठिकाणावर नव्हते. असे म्हणण्यात फायदा एकाच माणसाचा आहे. म्हणून दुसरे साक्षीदार भावजीच हवेत. मी शुद्धीत सही केली हे त्यांनी पाहिले असे एकदा लिहून दिले की तोंड बंद. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायचा नसतो. आणि जो साक्षीला सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असाही कायदा आहे. फसवणे मला जमत नाही, म्हणून फोनवर हे दोन्ही सांगितले. त्यांनी पहाटे पाचच्या गाडीचे तिकीट काढले.

वरचे काल लिहून झाले. आज सही आहे. पेन मोकळे आहे तोवर पुढचे लिहिते. दोघे समोर बसून वाट पाहत आहेत.

भावजी आले, चपला बाहेर काढल्या, खुर्चीच्या कडेवर बसले. केस सगळे पांढरे झाले आहेत. पाणी दिले, चहा दिला नाही. मी पुन्हा सांगितले, "सही केलीत तर यातून तुम्हाला सुईसुद्धा मिळायची नाही. टेपा तर नाहीतच."

ते म्हणाले, "कळलं, वहिनी. त्याला ऐकू येत नव्हतं, हे आत लिहिलंय का?"

मी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले.

"लिहिलं असेल तर मी न वाचता सही करतो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितले ते असे. शेवटच्या कार्यक्रमात मंचावर त्यांनी यांना मागून तीन हाका मारल्या, ओ आली नाही, म्हणून बाहेर आल्यावर विचारले. यांनी कबूल केले, मी शेजारी बसून बोटे दाखवते तेही सांगितले, आणि लगेच त्यांनाही शपथ घातली. कोणी विचारलेच तर आळशी म्हण, बहिरा म्हणू नकोस. आणि तुला कळले आहे हे तुझ्या वहिनीला कळू देऊ नकोस.

"का?" मी विचारले. या माणसाला चार वर्षांत मी विचारलेला हा पहिला प्रश्न.

"म्हणाला, तिला कळलं तर ती म्हणेल, आता तुझा मित्र येऊन बसेल, मी उठते. त्याला तुम्ही बसायला हव्या होतात, वहिनी. माझ्यापेक्षा तुम्ही."

वकीलबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. मग भावजींनाच राग आला, आणि ते बरे झाले, नाहीतर काय करावे मला सुचत नव्हते. ते म्हणाले, "पण माझं एकही वाजवणं ठेवलं नाहीत तुम्ही. सात वर्षं मी फुंकत होतो आणि पार्सल पाठवत होतो. तबकडी आली की आधी मी माझं शोधायचो. एकदाही सापडलं नाही. मला कंपनीचं काही पडलेलं नाही. एकदा ते आत असताना ऐकायचं होतं, बस."

मी सांगितले की ती पिपाणी मला आवडत नाही. ते म्हणाले, माहीत आहे.

तेव्हा असे. कलम ६ मध्ये मी खोडाखोड करत नाही, कारण लिहिले ते त्या वेळी मला खरे होते, आणि अंत्यविधीला त्यांनी मागेच उभे राहावे. कलम ७ कायम आहे, टेपा पुसल्या जातील. परंतु मी आहे तोवर त्या माझ्या आहेत. भावजींनी दर गुरुवारी तीन ते पाच यावे, एका दिवशी एक टेप ऐकावी, आठही पट्ट्या वर करून. यंत्राला मी हात लावीन, त्यांनी लावू नये. मी यांच्याच खुर्चीत बसेन. मध्ये मी मूठ दाखवली तर ती सवय समजावी. वकीलबाई म्हणतात, हे मृत्युपत्रात येत नाही, हे तर जिवंतपणीचे आहे. असू दे.

उरले हे. दोन माणसांना दोन शपथा घालून, एकमेकांची तोंडे बघवेनाशी करून, स्वतः सुखाने निघून गेले. त्यांना जे विचारायचे ते मी वर जाऊन विचारीन, आणि तिथे तरी त्यांना ऐकू यावे अशी देवाला प्रार्थना आहे.

येणेप्रमाणे लिहिले ते खरे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

ठिकाण: राहते घर, वरचा मजला
दिनांक: १७ सप्टेंबर २०२५, बुधवार, दुपारचे चार

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: (सही) वकील. बाईंनी माझ्यासमोर, शुद्धीत, स्वतःच्या हाताने सही केली.

साक्षीदार २: (सही) निवृत्त, टेलिफोन खाते, तळमजला या जोडीतला एक. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचलेला नाही. वाचायला मागितला नाही.