अकरा सेकंदांचं पाणी

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. चिमणीला माझ्याकडून एक टपली.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. कोटाच्या खिशात घालून फिरतोय, घड्यांवर कागद फाटायला आलाय. दीड वर्ष मी फोन उचलला नाही, तरी त्याबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस. चांगली खरडपट्टी काढली असतीस तर उत्तर लिहिणं सोपं गेलं असतं.

इकडे सगळं ठीक आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, पण सकाळी ऊन भरपूर येतं. घरमालकीण तोंडाने फटकळ, मनाने बरी. जेवण वेळेवर होतं. ध्वनिमुद्रणाचं काम मी कायमचं सोडलं. रागावू नकोस. सध्या कानाची मशीनं विकणाऱ्या एका दुकानात आहे. लोकांचे कान तपासायचे, मशीन बसवून द्यायचं, सेल बदलायचे. परवा एक आजोबा आठ दिवसांत मशीन परत घेऊन आले. म्हणाले, "अहो, आमचं घर एवढं बडबडं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. बहिरा होतो तेच बरं होतं." मी खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

तू कानाचं विचारलंस. कानात सारखा आवाज येतो म्हणून काम बंद केलं, असं मी भावोजींना कळवलं होतं. ते अगदीच खोटं नाही. फ्रिज सुरू झाला की येतो. बसचं दार उघडताना येतो. आंघोळीला नळ सोडला की हमखास येतो, म्हणून बादली भरेपर्यंत मी बाहेर उभा राहतो.

तू लिहिलंस की तुम्ही सगळ्यांनी मिळून आमचा माहितीपट पाहिला. "बोटीतला तुझा तो प्रसंग! नावाडी विचारतो, काही ऐकू येतंय का? आणि तू मान हलवतोस. दोनच सेकंद, पण इतका शांत दिसतोस ना, की मला रडूच आलं." हे वाक्य मला पाठ झालंय, ताई. त्या दोन सेकंदांबद्दलच लिहायचं आहे. तीन आठवडे तेच टाळतोय, आणि आताही आजोबांचे किस्से सांगत बसलो.

नीट पहिल्यापासून सांगतो.

समुद्रात बुडणाऱ्या निर्वासितांना वाचवणाऱ्या त्या जहाजावर आम्ही एकोणीस दिवस होतो. जहाज म्हणजे मासेमारीचं जुनं धूड, रंग लावून उभं केलेलं. आम्ही तिघे: दिग्दर्शिका, जिला आम्ही नुसतं बाई म्हणायचो, कॅमेरावाला लंबू, आणि मी. मला सगळे कानवाला म्हणायचे, कारण हेडफोन माझ्या डोक्यावरून उतरायचेच नाहीत.

बाराव्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला धुक्यात एक रबरी होडी दिसली. तिची एक बाजू फुटली होती, माणसं पाण्यात पडली होती. कप्तानाने दोन छोट्या मोटरबोटी खाली सोडल्या. दुसरीत लंबू, मी, डॉक्टरीणबाई आणि नावाडी. नावाड्याला सगळे मामा म्हणायचे. तीस वर्षं फेरीबोट चालवून निवृत्त झालेला माणूस, पगार न घेता आला होता.

ती बोट दहा जणांची. आम्ही चौदा जणांना वर ओढलं. एक लहान मूल होतं, त्याचे ओठ निळे पडले होते, डॉक्टरीणबाई त्याला उराशी धरून चोळत होत्या. एका बाईने माझ्या माइकच्या दांड्याला धरून स्वतःला वर ओढलं, आणि नंतरही तो सोडला नाही. बोट इतकी खाली बसली की पाणी काठावरून आत येऊ लागलं.

मग मामाने इंजिन बंद केलं. धुक्यात दिसत नाही, तेव्हा ऐकायचं असतं. त्याने हात वर केला, सगळे गप्प झाले. तो म्हणाला, "काही ऐकू येतंय का कुणाला?" आणि माझ्याकडे वळला. साहजिकच होतं. माझा माइक लांबचं टिपणारा. बाकीच्यांना बोटीवर आपटणारं पाणी ऐकू येत होतं, मला त्याच्या पलीकडचं.

आणि मला ऐकू आलं.

उजव्या बाजूने, जरा मागून. माणसाचा आवाज. किंकाळी नव्हती. दोनच अक्षरं, थांबून थांबून, परत परत. दम राखून ठेवल्यासारखा.

मी मान हलवली. नाही.

मी विचार करून तसं केलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. बोट भरलीय, मूल गारठलंय, एकाला घ्यायला गेलो तर चौदा बुडतील, हे सगळं मी नंतर रचलं. त्या क्षणी यातलं काहीही डोक्यात नव्हतं. माझ्या बुटात पाणी शिरलं होतं आणि मला तिथून निघायचं होतं. बस्स, एवढंच.

मामाने इंजिन सुरू केलं. सगळ्यांना जहाजावर चढवल्यावर तो बोट घेऊन पुन्हा त्याच जागी गेला. मी गेलो नाही, माइकमध्ये पाणी गेलंय म्हणालो. दुपारपर्यंत तो फिरत राहिला. काही सापडलं नाही.

दांडा धरून वर आलेली ती बाई संध्याकाळी डेकवर घोंगडी पांघरून बसली होती. त्या रबरी होडीत तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ होता, सुतार, तिशीतला. तो वर आला नव्हता. तिने माझ्या हेडफोनकडे बोट केलं आणि डॉक्टरीणबाईंना काहीतरी म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "ती म्हणतेय, तुम्ही सगळ्यांपेक्षा जास्त ऐकता. तिचा भाऊ हाका मारत होता का?"

मी दुसऱ्यांदा नाही म्हणालो. आता बुटात पाणीही नव्हतं.

पुढचं आणखी वाईट आहे. फिल्मचं संकलन सुरू झालं तेव्हा तो प्रसंग ठेवायचाच असं बाईंनी ठरवलं. मूळ आवाज माझ्याकडे होता. मी त्यातले अकरा सेकंद काढले आणि त्या जागी दुसऱ्याच एका दिवशी टिपलेला नुसत्या पाण्याचा आवाज जोडला. काम इतकं सफाईने केलं की संकलकाला शंकाही आली नाही. ज्या शांततेने तुला रडू आलं ना ताई, ती मी चिकटवलेली आहे.

मूळ अकरा सेकंद मात्र पुसवले नाहीत. कपाटात मोज्यांखाली ठेवले.

जानेवारीत इथे फिल्मचा एक खेळ झाला. डॉक्टरीणबाई त्या बाईला घेऊन आल्या. ती आता एका धुलाईकेंद्रात इस्त्रीचं काम करते, इथली भाषा बोलायला शिकलीय. खेळ संपल्यावर ती गर्दीतून थेट माझ्याकडे आली. माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "तुम्ही ऐकलं, आणि तिथे कुणी नव्हतं. म्हणजे तो लगेच गेला. मला हाका मारत राहिला नाही. एवढ्यावर मी झोपते."

तिचे हात गरम होते, इस्त्रीच्या कामाने कडक झालेले.

पंधरा दिवस स्वतःशी भांडलो. सांगितलं तर तिची झोप जाणार, न सांगितलं तर माझी. हिशोब सरळ होता, मी गप्प राहायला हवं होतं. पण तिची झोप माझ्या खोट्यावर उभी आहे हे मला सहन होईना. एका रविवारी डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या घरी या. ती येईल. पण मी समोर बसणार."

मी सांगितलं तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, "आहे का तो आवाज?"

मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला, हेडफोन तिच्या हातात दिले. तिने तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"हा माझा भाऊ नव्हे," ती म्हणाली. "त्याचा आवाज घोगरा. हा स्वच्छ आहे."

मला काय वाटलं ते सांगायचीही लाज वाटते. हायसं वाटलं. अर्धा क्षण, पण वाटलं. तिला ते दिसलं असावं.

"आमच्या भाषेत बोलतोय तो," ती म्हणाली. "म्हणतोय, इथे. इथे. इथे." आणि मग एकदम रडायला लागली. "कुणाचा आहे हा? आता याला मी कुणाकडे नेऊ?"

खरोखर तो तिचा भाऊ नव्हता, की मला सोडून द्यायला ती तसं म्हणाली, हे मला कधीच कळणार नाही. निघताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर आमच्या दिग्दर्शिका बाईंना सांगितलं. त्या फोनवर म्हणाल्या, "वर्षभर लोक त्या शांततेबद्दल माझं कौतुक करताहेत." मग रडल्या, मग मला नाही नाही ते बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून म्हणाल्या की यापुढे फिल्म मूळ आवाजासह दाखवली जाईल, खाली तो काय म्हणतोय तेही लिहून येईल. मामालाही सांगितलं. त्याने एकच विचारलं, "किती लांब होता?" मी म्हणालो, फार नाही. त्याने फोन ठेवला. आता माझा फोन घेत नाही. दोष देत नाही मी त्याला.

बेपत्ता माणसांचा शोध घेणारं एक कार्यालय आहे, दोन खोल्यांचं, कागदांनी भरलेलं. रेकॉर्डिंगची प्रत मी तिथे दिली. त्या रबरी होडीतली आठ माणसं अजून मिळालेली नाहीत. त्यांच्या घरचे कुठे कुठे पांगलेत, पण सापडतील तसे त्यांना एकेक करून बोलावणार आहेत. ऐकायला. ओळखतंय का कुणी. तिथली कारकून मला म्हणाली, तुम्ही यायची गरज नाही, बटण आम्हीही दाबू शकतो. मी म्हणालो, नाही, मी येईन. त्यांच्यापैकी कुणी विचारलं की हे आधी कुणी ऐकलं होतं, तर उत्तर द्यायला मी तिथे असायला हवा.

येत्या सोमवारी पहिली बाई येणार आहे. कुणाची तरी आई. दोन दिवसांचा प्रवास करून येतेय.

तुला हे फोनवर सांगता आलं नसतं. तू मध्येच "असू दे रे" म्हणाली असतीस, आणि मला ते हवंसं वाटलं असतं. म्हणून लिहिलं. भावोजींना वाचायला दे. चिमणीला मोठी झाल्यावर. उत्तर लिहायची घाई करू नकोस, सोमवारच्या आत तर मुळीच नको. त्या आईसमोर मला कुणाच्याही मायेशिवाय बसायचं आहे.

तुझा, म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर,
धाकटा