पोट माझं, भांडण त्यांचं

६ जानेवारी, सोमवार

सोनोग्राफी झाली. पोटात गाठी निघाल्या! आतड्यांभोवतीच्या लसिकाग्रंथी सुजल्यात म्हणे. एवढे दिवस पोट दुखतंय ते यांच्यामुळे. तिथल्या गुजराती बेन "श्वास रोको, छोडो" करत इतका वेळ मशीन फिरवत होत्या, की मला वाटलं काहीतरी हरवलंय त्यांचं.

खरी तपासणी घरी आल्यावर. अप्पांनी रिपोर्ट आधी चष्मा काढून वाचला, मग चष्मा लावून, आणि जाहीर केलं की हे मंदाग्नीचं दुखणं. जन्मभर दांडिया बाजारात वैद्यकी केलेले वडील— त्यांना अग्नीशिवाय दुसरं काय दिसणार! सलीलने रिपोर्टचा फोटो पाहून फोन केला. धाकटा भाऊ, पण एम.डी. झाल्यापासून माझ्याशी थोरल्यासारखा बोलतो. बहुतेक वेळा साधा संसर्ग असतो, गाठी आपोआप बसतात, म्हणाला. नाही बसल्या तर टीबी आहे का ते बघावं लागेल.

टीबी म्हटल्यावर घाबरलेच. अप्पांना सांगितलं नाही.

९ जानेवारी

अप्पा स्वतःच्या माणसाची नाडी बघत नाहीत. गुरूंची शिकवण! म्हणून मला करजणला त्यांच्या मित्राकडे, गोविंदरावांकडे नेलं. सलीलही घरच्यांना औषध लिहून देत नाही, म्हणून त्याच्या मित्राकडे. म्हणजे दोघांपैकी कुणीच मला औषध देत नाही. सल्ला मात्र दिवसभर देतात.

हाती काय आलं? कांचनाराच्या सालीचा काढा आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या. काढ्याची चव— नको, वहीचं पान खराब होईल.

दोघं क्रिकेटवर तासभर बोलतील, पण औषधांवर एकमेकांशी अक्षर नाही. सलीलने वैद्यकी सोडून 'तिकडे' प्रवेश घेतला तेव्हापासूनची रीत. निरोप माझ्यामार्फत. "तुझ्या डॉक्टरसाहेबांना सांग, आधी आतडं सांभाळावं." "वैद्यराजांना विचार, काढ्याने लिव्हर बिघडलं तर काय करणार?" मी दोन्हीकडे थोडं तिखट-मीठ लावून पोचवते. दुखण्यात तेवढीच करमणूक.

१४ जानेवारी

उत्तरायण. आमचं अख्खं वासणा गच्चीवर पतंग उडवतंय, सगळीकडे "काप्यो!" चाललंय आणि मी मुगाच्या पाण्यासमोर. उंधियू अप्पांच्या हुकमाने बंद, जिलबी सलीलच्या. एका गोष्टीवर तरी एकमत झालं, तेही माझ्या ताटावर!

दुपारी शेजारच्या शिवांगीने वाटीभर उंधियू गुपचूप आणून दिला. खाल्ला. रात्री दुखलं. कुणाला बोलले नाही.

२० जानेवारी

कहर झाला.

अप्पा हळूच म्हणाले, थोडे दिवस काढा थांबव. गोळ्यांनी काय होतं ते नीट दिसू दे, उगाच त्याने म्हणायला नको की बापाने घोळ घातला. संध्याकाळी सलीलचा फोन. गोळ्या संपल्यात, दुसऱ्या आत्ताच नकोत. काढा चालू राहू दे, अप्पांना वाईट नको वाटायला.

दोघांनीही एकमेकांचा मान राखला आणि मी बिनऔषधाची राहिले! सांगायला हवं होतं. पण मजा वाटली आणि काढ्यातून सुटका झाली. गप्प बसले.

२९ जानेवारी

दुखणं पळालं! शाळेत दोन तास उभं राहून शिकवलं.

अप्पा म्हणतात, काढ्याचा गुण मागाहून दिसतो. सलील म्हणतो, कोर्स लागू पडला. मी दोघांनाही हो म्हणाले. खरं सांगितलं तर दोघांचीही प्रॅक्टिस बसायची.

येताना सेव-उसळ खाल्ली. तर्री थोडी जास्तच.

११ फेब्रुवारी

पुन्हा सोनोग्राफी. सलीलचा हट्ट. मी म्हणत होते, कशाला?

गाठी वाढल्यात. संख्येनेही.

सलीलने वजन विचारलं. पाच किलो उतरलंय. मी खुशीत होते, जुने ब्लाउज व्हायला लागले म्हणून. घामाचं विचारलं. रात्री भिजते, थंडीतसुद्धा. तो म्हणाला, "ताई, हे आधी का नाही सांगितलंस?"

कुणी विचारलंच नव्हतं. दोघं आपापलं औषध कसं लागू पडलं तेवढंच विचारत होते, आणि मी दोघांना खूश ठेवत होते.

काढा, गोळ्या दोन्ही थांबल्याचं शेवटी सांगून टाकलं. सलील म्हणाला, त्याने काही बिघडलेलं नाही. पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

१४ फेब्रुवारी

सुई घालून गाठीचा तुकडा काढला. टीबी आहे का ते कळेल. दुखलं त्यापेक्षा घाबरले जास्त. बाहेर बाकावर दोघं शेजारी शेजारी बसलेले. वाद चालू होता, थेट एकमेकांशी! टीबी निघाला तर गोळ्यांबरोबर काढा चालेल की नाही. सिस्टरने दटावलं, "काका, धीमे." मला आतून ऐकू येत होतं. इतकं बरं वाटलं.

देवा, टीबी नको.

२१ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. टीबी नाही.

मी हुश्श करणार तोच सलील म्हणाला, लिम्फोमा आहे. ग्रंथींचा कॅन्सर. औषधं आहेत, ताई, बरे होतात लोक, सोमवारी दाखवायला जाऊ.

मी अप्पांकडे पाहिलं. आता सुरू होतील म्हणून. अप्पा म्हणाले, "सलील म्हणेल तसं." आणि सलील म्हणाला, "अप्पा, पथ्य तुम्ही सांगाल ते."

वाद नाहीच झाला. टीबीला इतकी घाबरले नव्हते.

भांडा ना रे, कुणीतरी.