संशयी राजाला माणूस हवा

दि. ३ जुलै

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं, पण शाळेचा जिना दिवसातून चारदा चढतेस हेही त्याच पत्रात लिहिलंयस, तेव्हा फार कळवळा दाखवत नाही.

आता माझं. ज्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायला लागलो, त्याचा मालक होऊन यंदा पंचवीस वर्षं झाली. म्हणून तिथे पहिल्यांदा पाहिलेलं जुनं नाटक पुन्हा करतोय. तू पोरींना जन्मभर शिकवलंस तेच. राजा राणीवर संशय घेतो, तिच्या महालाची एकेक खिडकी बुजवत जातो, आणि ती निर्दोष होती हे कळतं तेव्हा आत श्वासच उरलेला नसतो. सगळं जमलंय, राजा तेवढा अडलाय.

दोघं आहेत. एक आपले नटवर्य. नावावर हॉल भरतो, आवाज असा की बाहेर तिकीट घेणाऱ्यालाही फुकट ऐकू येतो. दुसरा कोपऱ्यावरचा घड्याळजी. चाळिशीचा, हडकुळा, बोलतो तेसुद्धा स्क्रू हरवेल अशा बेतानं. जुनी भाषा त्याला जमेना, म्हणून तुझी भावजय त्याला रोज संध्याकाळी आतल्या खोलीत शिकवते. लग्नाआधी तीच या नाटकात राणी होती, तेव्हा शिकवणं आलंच. परवा तासाभरात तीनदा हसण्याचा आवाज आला. शोकांतिकेत इतकं हसण्यासारखं काय असतं ते तू सांग. पहिल्यांदा ती हसली, दुसऱ्यांदा दोघं, तिसऱ्यांदा हसू मध्येच दाबलं. काल पाच मिनिटं आवाजच नव्हता. मला त्याचं काही नाही. पण राजा म्हणून तो शोभत नाही असं माझं स्पष्ट मत होत चाललंय. पुढच्या शनिवारी निवड आहे. तुझं मत कळव.

मुलांना आशीर्वाद, मेहुण्यांना नमस्कार, आणि माझ्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझा
ससोबा

दि. ८ जुलै

चि. ससोबास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तुझ्या कानांवरून हे नाव मी ठेवलं, ते वाया गेलं नाही. तुझ्या पत्रात नटवर्यांना दोन ओळी मिळाल्या आणि एका बंद खोलीला बारा. खोली बंद तरी होती का, की दार नेहमीसारखं चार बोटं उघडं होतं?

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. त्या राजाला ओरडणारा माणूस नको. तीस वर्षं मी पोरींना हेच सांगत आले की ज्याला संशय आलाय तो आवाज चढवत नाही, तो फार गोड बोलतो. शनिवारी तू खाली तिकीट-खिडकीत बस, डोळे मिट आणि नुसतं ऐक. कोण आहे ते बघू नकोस. ज्याचं ऐकून तुझ्या पोटात गोळा येईल, तो तुझा राजा. मग तो कोणीही असो.

आणि घड्याळजीवर जळू नकोस. जळायचंच तर माझ्या जावयावर जळ, त्याला तुझ्यापेक्षा चांगले शर्ट मिळतात.

जपून राहा. रागावलास तर पत्रातून रागाव, पण लिहीत राहा.

तुझी
ताई

दि. १० जुलै

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र यांना माहीत नाही. तुम्हाला काय लिहितात तेही मी विचारलेलं नाही, पण अंदाज आहे.

आतल्या खोलीचं दार लग्नापासून चार बोटं उघडं असतं. दूधवाला आला, भाऊ आला, कोणीही आलं तरी हे बाहेर पेपर घेऊन बसतात. कधी एक वाकडा शब्द बोलले नाहीत, उलट जास्तच गोड बोलतात. पण आत शांत झालं की यांचा हलणारा पाय थांबतो. पेपरचं पान अर्धा तास उलटत नाही. एके दिवशी तर पेपर आठवडाभर जुना होता, म्हणून आम्ही हसलो. मग मीच हसू दाबलं.

घड्याळजी चांगला आहे, पण राजाचं भाषण आलं की नटवर्यांसारखा ओरडायचा. मी त्याला पुस्तक मिटायला सांगितलं आणि म्हटलं, त्या फटीतून बाहेर बघा, बोलू नका. पाच मिनिटं तो नुसता बघत होता. नंतर त्यानं तोच प्रवेश म्हणून दाखवला आणि मला वाटलं, हेच बोलतायत.

मी चुकले का? हे काम त्याला मिळालं तर सहाशे लोकांसमोर राजा म्हणून हेच उभे राहतील. आणि केवळ माझ्याजवळ बसतो म्हणून त्याला नाकारलं, तर मात्र मला या घरात राहवणार नाही. लग्नानंतर स्टेज सोडलं तेव्हा मी गप्प बसले होते. आता बसणार नाही.

वडीलकीनं काय ते सांगा. आशीर्वाद असू द्यावा.

तुमची
भावजय

दि. १८ जुलै

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. तिकीट-खिडकीत बसलो, डोळे मिटले. नटवर्य आले, काचा थरथरल्या, मी मात्र जिथल्या तिथे. मग दुसरा आवाज आला. राजा प्रधानाशी धान्याच्या कोठारांबद्दल बोलत होता. इतकं गोड, इतकं सावकाश. बोलता बोलता एका पायाचा ठेका ऐकू येत होता. आतून राणी हसली. राजा बोलतच राहिला, पण ठेका थांबला.

ताई, गोळा आला. वर धावलो. घड्याळजी हातात कोठारांची वही धरून बसला होता, तिचं पान उलटत नव्हता, मान जराशी डावीकडे. ती मान माझ्या ओळखीची आहे. दर महिन्याला न्हावी ती सरळ करतो.

काम त्यालाच दिलं. कुठून शिकलास विचारलं, तर म्हणाला, बाईंनी दाखवलं. त्या दिवशी मी दोनदा जळलो. एकदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा यासाठी की इतकी वर्षं मी नुसता ऐकत बसलो आणि ती मला एवढं नीट बघत होती, ते तिनं मला न सांगता त्याला सांगितलं. घरी भांडलो नाही.

काल संध्याकाळी तो शिकायला आला. मी उठलो आणि दार पूर्ण लावलं. आजचा पेपर घेतला, आजचाच, तारीख बघून. हरवले-सापडलेपर्यंत वाचला. दहा मिनिटांनी दार आतून उघडलं. ती म्हणाली, गुदमरायला होतंय, राहू दे उघडं. आणि पुन्हा जाऊन बसली. थोड्या वेळानं दोघं हसली. विनोद मला ऐकू आला, बरा होता.

मी पान उलटलं. खोटं कशाला सांगू, तिला ऐकू जाईल इतक्या जोरात उलटलं.

प्रयोग पुढच्या महिन्यात आहे. गुडघा सांभाळून ये. तुझ्या शेजारची खुर्ची माझी. आणि हे वाचून हसलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा
ससोबा