पान २१२ पर्यंतचं तज्ज्ञ मत

२ नोव्हेंबर, सकाळी ९
ठरलं. बायकोने, रायनाने, मे महिन्यात वाचनगृहातून आणलेली ती राजकीय थरारकथा चार दिवसांत संपवायची आणि गुरुवारी वाचकमंडळात तज्ज्ञ मत द्यायचं. एकतीस वर्षं सीमेवर कस्टममध्ये काढली आहेत मी. पंतप्रधानाला मिरच्यांच्या ट्रकमधून सीमेपार पळवतात म्हणे! लेखकाने ट्रक बाहेरूनच पाहिला असणार.
रायना पान २१२ वर थांबली होती. तिथे तिची केसांची पिन आहे. तिचं म्हणणं, गद्दार ती सेक्रेटरीच. मी म्हणालो, छे, गृहमंत्री. पैज लागली होती. हरेल त्याने बाल्कनीच्या काचा पुसायच्या.
बायकोला जाऊन सोळा तारखेला सहा महिने. मी ठीक आहे. जेवण व्यवस्थित.

४ नोव्हेंबर
मेहुणी टोंका आली. रिवाजाप्रमाणे सहा महिन्यांचा स्मरणाचा कागद छापून गावात चिकटवायचा आहे: काळी चौकट, फोटो, खाली चार ओळी. म्हणाली, "भावोजी, चाळिसाव्या दिवशी मी लिहिलं. ह्या वेळी तुम्ही नाही लिहिलंत तर मी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही." चार ओळींसाठी एवढा तमाशा! म्हटलं, आजच लिहितो.
लिहिलं नाही. कादंबरी आधी.

५ नोव्हेंबर, दुपारी
पान २१२. कर्नल जिना उतरतो.

६ नोव्हेंबर
पान २१२. कर्नल अजून जिन्यावरच. लेखकाला गती म्हणून नाही. वाचकमंडळाला गेलो नाही. गुडघा.

१० नोव्हेंबर
चष्म्याचा नंबर बदलला असावा. २१२ च्या पुढची पानं नीट दिसत नाहीत. पेपर दिसतो.
टोंकाचा फोन. झालंच आहे, म्हणालो. मग एका कागदावर "रायना" लिहिलं. पुढे काही सुचेना. दुसऱ्या कागदावर कादंबरीबद्दलचं मत मात्र झरझर उतरलं. हात अजून चालतो माझा.

१३ नोव्हेंबर
छापखान्यात फोटो आणि कागद देऊन आलो. त्या "रायना"खाली अखेर चार ओळी जमल्या होत्या, अगदी सभ्य. काउंटरवरच्या बाईला म्हणालो, जसंच्या तसं छाप, एक अक्षर बदलू नकोस. माणसाने स्पष्ट सूचना द्याव्यात.

१६ नोव्हेंबर, सकाळी ८
गुंडाळी आणली. इमारतीचं दार, बसथांबा, बेकरी, वाचनगृह. आठ ठिकाणी चिकटवले. फोटोकडे बघितलं नाही, कागद सरळ लागल्याशी मतलब. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. मी ठीक आहे म्हणतो ते उगाच नाही.

त्याच दिवशी, ११ वाजता
तळमजल्याची गेर्गिना जिन्यात भेटली. विचारते, "मिन्को, मग गद्दार कोण निघालं रे?"
कोटाच्या खिशात हात घातला. सभ्य चार ओळी खिशातच.
खाली जाऊन दारावरचा कागद वाचला. रायनाचा फोटो, काळी चौकट, आणि खाली: "मिरच्यांचा ट्रक सीमेवर एवढ्या झटकन सुटत नाही. कर्नल मूर्ख आहे. माझी बायको म्हणते गद्दार सेक्रेटरी, मी म्हणतो गृहमंत्री. ती पान २१२ वर थांबली. मला पुढे जाता येत नाही."
शेवटची ओळ मी कधी लिहिली, आठवत नाही.

दुपारी २
टोंका रायनाच्या नावाने वाटायचं उकडलेल्या गोड गव्हाचं पातेलं घेऊन आली, ती ओरडतच. "चार ओळी मागितल्या होत्या, तुम्ही गृहमंत्री चिकटवलात! अख्खं गाव हसतंय!" मी कागद काढायला निघालो. ती दाराशी उभी राहून पुन्हा वाचत होती. मग म्हणाली, "राहू द्या." गहू तिनेच शेजाऱ्यांना वाटले. माझ्या हातात चमचा देताना म्हणाली, "खा हो, भावोजी. वाळलात किती."

१७ नोव्हेंबर
वाचनगृहात पुस्तक परत केलं. पिन काढून घेतली. शेवट तिथल्या बाईंनाच विचारला. सेक्रेटरी.
काचा पुसल्या. दोन तास लागले, कोपरेसुद्धा. मग आत वळून म्हणालो, "ये, बघ."