एका पायात चप्पल

शनिवार, १४ जून

ती. ताईस,

सा. न. गुडघे कसे आहेत? खरं लिही. फोनवर तू 'मजेत' म्हणतेस, त्यातलं कण्हणं मला ऐकू येतं. इकडे माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आणि सूनबाईंची नोकरी दोन्ही ठीक. दुकानात चार माणसं आहेत, तरी बेअरिंग गेलंय का हे मोटारीला कान लावून मलाच सांगावं लागतं. म्हातारा कानांवर जगतोय असं ते माझ्यामागे म्हणतात. तेही ऐकू येतं.

आपली नात ठिणगी सात वर्षांची झाली. नावाप्रमाणेच आहे. परवा शाळेतून बोलावणं आलं, शेजारच्या मुलीला चावली म्हणून. बाई म्हणाल्या, "कारण काहीच नव्हतं हो, आजोबा. ती बिचारी एवढंच म्हणाली, खोडरबर दे, लगेच परत देते."

ताई, मला एकदम मीच आठवलो. आई 'रविवारी येणार' म्हणून सगळ्यांनी किती रविवार ढकलले! आई दवाखान्यातच संपलीय हे कुणी सांगेना. मग मी कुणाचंच खरं मानेनासा झालो. एखाद्या पोरानं डोकं खाजवायला हात वर केला तरी मला तो मारायलाच वाटायचा. मग मीच आधी हाणून मोकळा! गल्ली म्हणायची, कार्टं वाया गेलं. वडील पट्टा काढायचे.

आणि तू? नळावर निघालीस की एक चप्पल माझ्या हातात द्यायचीस. "एका चपलेत कितीशी लांब जाणार मी, खुळ्या?" तापलेल्या रस्त्यावर लंगडी घालत बादली आणायचीस, आणि मी उंबऱ्यावर ती मळकी चप्पल पोटाशी धरून बसायचो. एक दिवस तू दोन्ही चपला घालून गेलीस, आणि खेळण्याच्या नादात मला कळलंच नाही. हाणायला वळलेली माझी मूठ सुटली ती त्याच सुमारास.

म्हणून तोच उपाय केला. डाव्या पायातला बूट ठिणगीकडे ठेवला आणि तसाच दुकानात गेलो. कारागीर म्हणतो, "काका, दुसरा बूट जळाला का? वाइंडिंग करून देऊ?" सगळे पोट धरधरून हसले, मीही हसलो.

संध्याकाळी आलो तर बूट रस्त्यावर. उचलून आत गेलो तशी ठिणगी अंगावर धावून आली. "फसवताय मला! बाबांनी पण घड्याळ ठेवलं होतं!"

घड्याळाचं मला ठाऊकच नव्हतं.

आता इतका वेळ टाळत होतो ते लिहितो. तुझा भाचा परगावी कामाला नाही. त्यानं दुसरं घर मांडलंय. मला दुकानावर फोन करतो. परत येणार नाही हे त्यानंच स्वच्छ सांगितलं. आणि आम्ही दोघं, सासरा-सून, पोरीला सांगत राहिलो, काम संपलं की येतील. तिला बिचारीला सगळं ऐकू येत होतं. कान माझेच घेतलेत ना तिनं!

आज सकाळी सूनबाईंना विचारून तिला खरं सांगितलं. तिनं दोन्ही मुठींनी मला बडवलं. मी बडवू दिलं. दमल्यावर म्हणाली, "आई जाणार का? तुम्ही?"

"मी दुकानात जातो आणि घरी येतो. आई ऑफिसला जाते आणि घरी येते."

"बघू," म्हणाली. म्हाताऱ्या बाईसारखं!

ताई, महिनाभर येशील का? मला जे जमत नाही ते तुला जमायचं. पण एक आहे. येणार असशील तर नक्की वार लिही. येणार नसशील तर सरळ 'नाही' लिही, मला राग नाही येणार. फक्त 'बघते' लिहू नकोस. तुझ्या येण्याचं तिला मी अजून काहीच बोललेलो नाही. तू गाडीत बसलीस की सांगेन.

तोवर तोंड मिटून बसलेला,
तुझा धाकटा