किल्ल्यामागचे खडक

आई,

आपण दोघी सायकलवरून अर्नाळ्याला गेलो तो दिवस आपल्या घरात, गावात, अगदी चर्चमध्येसुद्धा इतक्या वेळा सांगितला गेला आहे, की माझी स्वतःची आठवण कोणती आणि लोकांकडून ऐकलेलं कोणतं हे मलाच कधी कधी कळत नाही. म्हणून आज तो मला आठवतो तसा लिहून बघते. तू तिथे होतीस, तुला सगळं ठाऊक आहे. पण त्या दिवशी माझ्या मनात काय चाललं होतं ते मी तुला कधी सांगितलं नाही, आणि त्या संध्याकाळनंतर तूही विचारलं नाहीस.

सायकल मिशनच्या दवाखान्यातल्या परदेशी नर्सबाईंची होती. तू त्यांना मराठी शिकवायचीस, म्हणून मायदेशी परतताना त्यांनी ती तुला देऊन टाकली. हिरव्या रंगाची, मधला दांडा नसलेली, पुढे वेताची टोपली आणि मागच्या चाकात लुगडं अडकू नये म्हणून दोऱ्याची जाळी विणलेली. स्वराज्य येऊन तेव्हा चारपाच वर्षं झाली असतील. वसईच्या आसपास बाईने सायकल चालवायची म्हणजे ती परदेशी नर्सच असायला हवी. लुगड्याचा काष्टा घालून तू सायकल शिकलीस, चर्चमागच्या रिकाम्या शेतात, उजाडायच्या आधी, आणि मी बांधावर बसून कोणी येत नाही ना ते बघायची. दोनदा तू चिखलात पडलीस आणि दोन्ही वेळा हसलीस. नंतर तू सायकलवरून शाळेत शिकवायला जाऊ लागलीस तेव्हा गाव थोडे दिवस हसलं आणि मग गप्प झालं. मास्तरीणबाई कामाला जातात, रोज किती चालणार, असं लोकांनीच ठरवून टाकलं. बाबा बोटीवर असायचे, वर्षातून एकदा यायचे. त्यांना तू सायकलचं पत्रात कळवलंस की नाही, कोण जाणे.

मग ती मे महिन्याची सुट्टी. तू चौथीच्या मुलांना ज्वालामुखी शिकवला होतास आणि तुझं स्वतःचंच समाधान झालं नव्हतं. तुला कोणीतरी सांगितलं होतं की अर्नाळ्याच्या बेटावर, किल्ल्याच्या मागे समुद्राच्या बाजूला, ओहोटीला काळे खडक उघडे पडतात आणि त्यांना पावासारखी भोकं असतात. पृथ्वीच्या पोटातून तापलेला रस वर आला, निवला, आणि आतले बुडबुडे तसेच राहिले, ती ही भोकं. "आपण सायकलवर जाऊ या," तू भाकऱ्या थापता थापता म्हणालीस. "ज्वालामुखीचा दगड हाताने बघून येऊ." मी म्हटलं, "आणि?" तू म्हणालीस, "आणि काय? परत येऊ." टोपलीत भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि आपल्याकडची वाळवलेली गोड सुकेळी. तू इतकी खूश होतीस की भाकरी करपली तरी तुला वास आला नाही.

पहिली शेजारीण फाटकातच भेटते. "कोणाकडे निघालात?" तू सांगतेस, "कोणाकडे नाही. फिरायला." ती तुझ्याकडे बघते, मग कॅरिअरवर बसलेल्या माझ्याकडे बघते, जणू मी तरी खरं सांगेन. मी तुझ्या पाठीआड सरकले. सोपाऱ्याला तेच, निर्मळला तेच. नंदाखालच्या वाडीत केळी शिंपणाऱ्या एका म्हाताऱ्याने तर रहाट थांबवून विचारलं, "कोण गेलं?" तू हसून म्हणालीस, "कोणी गेलं नाही, बाबा. खडक बघायला चाललोय." बराच वेळ मागे रहाटाचा आवाज आला नाही, म्हणजे तो बघतच उभा होता.

आगाशीच्या बाजारात मात्र फार झालं. दुकानाच्या फळीवर चारपाच जण बसलेले. त्यांतला एक आपल्या ओळखीचा असावा, कारण तो मोठ्याने म्हणाला, "नवरा बोटीवर, बायको सायकलवर!" सगळे हसले. दोन पोरं टाळ्या वाजवत मागे धावू लागली. तू घंटी वाजवलीस आणि मान वळवली नाहीस, पण मी मागे बसले होते, तुझी मान लाल झालेली मला दिसत होती. मी म्हटलं, "आई, माझ्या पायाला मुंग्या आल्यात, मी उतरते." पायाला मुंग्या आल्याच नव्हत्या. मी उतरले आणि बाजार संपेपर्यंत तुझ्या बरीच मागे, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालत राहिले. तू पुढे वडाखाली थांबलीस. मी आले तसं विचारलंस, "गेल्या मुंग्या?" मी मान डोलावली.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर तू सायकल एका घराच्या पडवीत ठेवायला गेलीस आणि मला होडीजवळ उभं केलंस. होडीवाला जाळं नीट करत बसला होता. त्याने आधी सायकलकडे बघितलं, मग मला विचारलं, "ही दवाखान्यातली सायकल ना? नर्सबाईची?"

आता पुन्हा तेच प्रश्न येणार, कुठे, कोणाकडे, कशाला, आणि तू पुन्हा खडक म्हणणार आणि हा माणूसही हसणार. मी म्हटलं, "हो."

"किल्ल्यात चालल्या? कोन आजारी हाय म्हनून?"

"हो," मी पुन्हा म्हटलं.

तो ताडकन उठला. "म्हंजे खबर पोचली तर! नवी नर्सबाय आली. देव पावला." त्याने हाका मारून दोघांना बोलावलं आणि होडी पाण्यात ढकलली. तू परत आलीस तेव्हा तो हात पुढे करून तुला म्हणतोय, "बसा बाय, सांभालून," आणि तू भाड्याचं विचारलंस तर नको नको म्हणून मान जोरात हलवतोय. बाकीच्या उतारूंसाठी तो थांबला नाही. वारा होता, पाणी अंगावर उडत होतं. तू माझ्या कानाशी वाकून म्हणालीस, "बघ, किती भली माणसं. इथे कोणी विचारलंसुद्धा नाही कशाला आलात म्हणून." आई, त्या वेळचा तुझा चेहरा मला अजून दिसतो. मी पाण्याकडे बघत बसले.

बेटावर उतरलो तेव्हा होडीवाल्याने आधीच आरोळी दिली होती. वाळूवर वाळत घातलेल्या मासळीतून बायका धावत आल्या. पुढे एक म्हातारी होती, तिने तुझे दोन्ही हात धरले. "आलीस बाय! माजी सून बघ. पोर झालं, आन् ताप काय उतरत नाय. पुरुष मानसं समिंदरावर. मी एकटी काय करू?" तू गोंधळून म्हणालीस, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी नर्स नाही. मी शाळेत शिकवते." होडीवाला म्हणाला, "पन तुमची पोरगी हो म्हनली ना!"

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं असतंस तर बरं झालं असतं. म्हातारीने तुझे हात सोडले आणि ती तिथेच वाळूत खाली बसली. मग तू विचारलंस, "सून कुठे आहे?"

झोपडीत अंधार होता. तू तिच्या कपाळाला हात लावलास आणि पटकन काढलास. ती बडबडत होती, तुला कोणीतरी समजून काहीतरी सांगत होती. अंगाशी तान्हं मूल. तू बाहेर येऊन होडीवाल्याला म्हणालीस, "मला औषधातलं काही कळत नाही. पण आगाशीला डॉक्टर आहेत. हिला आत्ता न्यायला पाहिजे. होडी परत लावा." म्हातारी म्हणाली, "तिथून पुढं कशी न्यायची? गाडी कोन देल?" तू म्हणालीस, "सायकल आहे ना."

तेव्हा ओहोटी लागली होती. किल्ल्याच्या मागून लाटांचा आवाज येत होता. तू एकदा, एकदाच, त्या बाजूला बघितलंस.

होडीतून किनाऱ्यावर उतरल्यावर त्या बाईला कॅरिअरवर बसवलं आणि पडू नये म्हणून तिच्याच पदराने सीटला बांधलं. तू हँडल धरून पायी निघालीस, होडीवाला एका बाजूने तिला सावरत होता, म्हातारी बाळ घेऊन मागे, आणि तिच्या मागे मी. वाळूत चाक रुतायचं तेव्हा मी ढकलायची. आगाशीच्या बाजारात फळीवरची माणसं उठून उभी राहिली. सकाळी टोमणा मारणारा पुढे धावला आणि त्याने वाट मोकळी करून दिली. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं दिली. "उद्यावर टाकलं असतंत तर हाती लागली नसती," असं ते म्हणाले.

परतताना तू सायकल हातात धरून चालत होतीस. दमली होतीस. भाकऱ्या तशाच होत्या, आपण त्या निर्मळच्या तळ्याकाठी बसून खाल्ल्या. तू म्हणालीस, "तू हो म्हणालीस म्हणून ती बाई वाचली. त्याबद्दल मी तुला बोलणार नाही." तू हातातला घास खाली ठेवलास. "पण तुला माझी लाज वाटली. होय ना?"

मी रडायला लागले असते तर तू मला जवळ घेतलं असतंस, मला ठाऊक होतं. मी रडले नाही. मी म्हटलं, "पाणी दे."

ती बाई बरी झाली. नंतर कितीतरी वर्षं दिवाळीनंतर त्यांच्याकडून सुकवलेल्या कोळंबीचे सोडे यायचे, आणि ते पोर मोठं होऊन एकदा तुझ्या पाया पडून गेलं. गावात तुझं नाव झालं. मास्तरीणबाई बेटावरच्या बाळंतिणीसाठी उन्हातान्हात सायकलने गेल्या, अशीच गोष्ट पसरली. मिशनच्या दवाखान्याला तुझ्यासारखी माणसं हवीत, असंही कोणी म्हणालं. तू पहिल्या पहिल्यांदा सांगायचीस, "अहो, मी त्यासाठी नव्हते गेले," पण लोकांना तो तुझा मोठेपणा वाटायचा. मग तू सांगणं सोडलंस. अडलेली माणसं दाराशी येऊ लागली, बाई जरा पापडी गावात सोडता, बाई एवढं औषध आणाल, आणि तू कोणाला नाही म्हणाली नाहीस. ती हिरवी सायकल हळूहळू गावाची झाली.

एवढंच असतं तर मी स्वतःला समजावलं असतं. पण पुढच्या वर्षी, त्याच मे महिन्यात, एका संध्याकाळी तू एकटीच सायकल काढलीस. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. फाटकातून शेजारीण विचारते, "कोण आजारी?" आणि तू उत्तर देतेस, "आगाशीहून औषध आणायचंय." आई, त्या दिवशी कोणीही औषध सांगितलं नव्हतं. आपल्या घरी कोणी आजारी नव्हतं. जरा वेळाने तू परत आलीस, रिकामी टोपली घेऊन, आणि हातपाय धुऊन चुलीपाशी बसलीस. मी खाली मान घालून खडे वेचत राहिले. त्यानंतर तू सायकलवर नुसती फिरायला निघालेली मला आठवत नाही. बेटाचं, खडकांचं नाव तू पुन्हा काढलं नाहीस. मुलांना ज्वालामुखी शिकवतानासुद्धा तू पुस्तकातलं तेवढंच शिकवायचीस, हे मला तुझ्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलं.

तुझ्या अंत्यविधीला फादरनी अर्नाळ्याची गोष्ट सांगितली. चर्च भरलेलं होतं. दुसऱ्यासाठी केलेला प्रवास, असं ते म्हणाले, आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, कारण त्या प्रवासात मीही होते. मी मान डोलावली. चाळीस वर्षं होतील त्याला. पुढे मुलांनी विचारलं, नातवंडांनी विचारलं, मी प्रत्येकाला फादरांचीच गोष्ट सांगितली. माझा "हो" तेवढा वगळून.

हल्ली रविवारी सकाळी मुंबईकडून सायकलवाल्यांचे घोळके येतात. त्यांत बायका पुष्कळ असतात, काहींच्या मागे मुलंही. परवा मी आणि माझी पणती, म्हणजे माझ्या मोठ्या नातीची मुलगी, ओट्यावर बसलो होतो. तिने विचारलं, "हे सगळे कुठे चाललेत?" मी म्हटलं, "असेच, फिरायला." आणि मग का कुणास ठाऊक, मी तिला सगळं सांगितलं. ज्वालामुखीचे खडक, आगाशीचा बाजार, होडीवाला, माझा खोटेपणा. पहिल्यांदाच. ती दहा वर्षांची आहे, मी तेव्हा होते जवळजवळ तेवढीच. तिने मला दोष दिला नाही. तिला दुसरंच काहीतरी हवं होतं. "पण मग नंतर कधी गेली का गं ती?" ती म्हणाली. "तिला ते भोकांचे दगड बघायला मिळाले का?"

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहिते. मी तिला म्हटलं, "हो, मिळाले की. आम्ही दोघी गेलो होतो."